चार स्टिक्स लावल्यावर रॅम ३६०० वर चालत नाही आणि ३२०० वर फाइली बिघडतात: दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न

नमस्कार. माझ्या डेस्कटॉपमध्ये रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा चार स्लॉटचा मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅम आहे. सुरुवातीला ८ जीबीच्या दोन स्टिक्सची एक जोडी घेतली होती. तिच्या खोक्यावर ३६०० हा वेग, १८-२२-२२-४२ हे टायमिंग (मेमरीच्या निरनिराळ्या कामांना लागणारे क्लॉकचे फेरे) आणि १.३५ व्होल्ट असे छापलेले आहे. व्हिडिओ संपादनासाठी १६ जीबी अपुरी पडू लागली, म्हणून आठ महिन्यांनी त्याच कंपनीची आणि अगदी त्याच मॉडेल क्रमांकाची दुसरी जोडी घेऊन उरलेल्या दोन स्लॉटमध्ये लावली.

नवी रॅम दिसते का हे पाहण्यासाठी टास्क मॅनेजर उघडला, तेव्हा ३२ जीबी बरोबर दिसली, परंतु वेग २१३३ असा होता. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) मी कधीच काही बदललेले नसल्यामुळे पहिल्या दिवसापासून तो तेवढाच असणार. त्यानंतर एक्सएमपी, म्हणजे खोक्यावरचा वेग लावणारे सेटिंग, चालू केले, तर संगणक तीनदा आपोआप बंद होऊन चालू झाला, पडदा काळाच राहिला आणि शेवटी मेमरीचे सेटिंग मूळ पदावर आणल्याचा संदेश आला. मग एक्सएमपी चालू ठेवून वेग तेवढा हाताने ३२०० केला. विंडोज नेहमीसारखे सुरू झाले आणि दोन दिवस सगळे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी सुमारे ४० जीबीची एक झिप फाइल उलगडताना सीआरसी (फाइल शाबूत आहे का हे तपासणारा आकडा) जुळत नसल्याची चूक आली. पुन्हा उलगडली, तर चूक आली पण आतल्या दुसऱ्याच फाइलवर. तिसऱ्यांदा आणखी वेगळ्या ठिकाणी. रॅम परत २१३३ वर आणली, तेव्हा तीच झिप कुठेही न अडता उलगडली.

मेमरीच्या ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे ती ठरलेल्यापेक्षा जास्त वेगावर चालवण्याचा, मला काहीही अनुभव नाही. एका मित्राने व्होल्टेज १.५ करून पाहायला सांगितले आहे, पण ते करण्याची हिंमत झाली नाही. नवी जोडी सदोष आहे, प्रोसेसरला चार स्टिक्स पेलत नाहीत, की माझ्याच सेटिंगमध्ये चूक आहे, हे कोणत्या क्रमाने तपासावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिला प्रतिसाद

आपण लिहिलेल्यातली सर्वांत मोलाची नोंद म्हणजे दर वेळी चूक वेगळ्या फाइलवर येणे. डिस्कवरची झिप खराब असती, तर चूक दर वेळी त्याच जागी आली असती. जागा बदलते आणि २१३३ वर चूक नाहीशी होते, याचा अर्थ डिस्कवरचा मजकूर शाबूत आहे आणि तो मेमरीतून जाताना बिघडतो आहे. त्यामुळे शोध मेमरीपुरता मर्यादित ठेवता येईल. मित्राचा सल्ला मात्र कृपया बाजूला ठेवा. डीडीआर४ चे प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे, आपल्या स्टिक्सचे प्रोफाइल १.३५ चे आहे, आणि कारण ठाऊक नसताना व्होल्टेज वाढवले, तर दोष बरा होण्याऐवजी काही काळ लपण्याचीच शक्यता अधिक असते.

२१३३ दिसण्यात काही बिघाड नव्हता. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते आणि तीत जेडेक या संस्थेच्या प्रमाणानुसारचे सुरक्षित वेग व टायमिंग लिहिलेले असतात. बायॉसला कोणी काही सांगितले नाही, तर तो त्यांवरच संगणक सुरू करतो. खोक्यावरचा ३६०० हा आकडा त्याच चिपमधल्या वेगळ्या नोंदीत, म्हणजे एक्सएमपी प्रोफाइलमध्ये असतो, आणि तो आपण होऊन निवडावा लागतो. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पाहिलेत तर आकडा याच्या निम्मा, ३६०० ऐवजी १८०० च्या आसपास दिसेल. डीडीआर मेमरी क्लॉकच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून हा फरक दिसतो. तोही दोष नव्हे.

आता प्रोसेसरविषयी. आपल्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा दोन स्टिक्सवर ३२०० आहे. चार सिंगल-रँक (चिपांचा एकच गट असलेल्या) स्टिक्स लावल्यावर ती २९३३ वर येते, आणि चारही डबल-रँक (दोन गटांच्या) असतील तर २६६७ वर. त्यापुढचा प्रत्येक वेग हे ओव्हरक्लॉकिंगच आहे, मग तो खोक्यावर छापलेला का असेना. स्टिक बनवणारा फक्त स्वतःच्या स्टिकची हमी देतो, आपल्या प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरची (मेमरी हाताळणाऱ्या भागाची) देत नाही. म्हणून चार स्टिक्स ३६०० वर सुरू न होणे हे आश्चर्याचे नाही. ३२०० वर सुरू होऊन चुका येणे हे मात्र तपासण्यासारखे आहे, कारण बऱ्याच लोकांचे चार स्टिक्सचे संगणक त्या वेगावर नीट चालतात.

क्रम असा ठेवावा असे माझे मत आहे. आधी सगळे मूळ सेटिंगवर आणून चारही स्टिक्ससह मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवा. तिथेच चूक आली, तर एखादी स्टिक किंवा स्लॉट खरोखर खराब आहे, आणि पुढचे काही करण्याची गरज उरत नाही. ती आली नाही, तर फक्त जुनी जोडी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, एक्सएमपीने ३६०० वर न्या आणि तीच चाचणी रात्रभर चालू द्या. दुसऱ्या दिवशी त्याच दोन स्लॉटमध्ये फक्त नवी जोडी लावून हेच करा. स्लॉट बदलू नका, बायॉसमधले दुसरे काहीही बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच निकालावरून काही ठरवता येते.

प्रत्येक वेळी विंडोजमध्ये आल्यावर झेनटायमिंग्ज हा छोटा प्रोग्राम उघडून पूर्ण खिडकीचे चित्र साठवून ठेवा. त्यात एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा क्लॉक) आणि एमसीएलके (मेमरीचा क्लॉक) हे दोन आकडे सारखे आहेत ना, ते बघा. ३६०० वर दोन्ही १८०० आणि ३२०० वर दोन्ही १६०० असले पाहिजेत. ते वेगळे झाले, तर वेग वाढवूनही प्रतिसादाला लागणारा वेळ वाढतो आणि सगळी खटपट वाया जाते.

दुसरा प्रतिसाद

वरच्या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु त्याच्याही आधी एक काम करावे अशी कळकळीची विनंती आहे. ज्या दोन दिवसांत रॅम ३२०० वर होती, त्या काळात आपण जे जे कॉपी केले, संपादित केले किंवा बॅकअप म्हणून साठवले, त्याची यादी करा आणि मूळ प्रती असतील तर त्या अजिबात पुसू नका. मेमरीतली चूक संगणक बंद पाडेलच असे नाही. बहुतेक वेळा एखादा बिट उलटतो, फाइल त्या चुकीसकट लिहिली जाते आणि कोणताही संदेश येत नाही. झिपमध्ये सीआरसी असतो म्हणून आपल्याला कळले. साध्या कॉपीमध्ये तशी पडताळणी होत नाही.

हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी टायमिंग कमी करून, फक्त दहा मिनिटांच्या चाचणीवर विसंबून, घरातल्या सगळ्या छायाचित्रांची नव्या डिस्कवर प्रत केली आणि जुनी डिस्क रिकामी केली. पुढे अल्बम पाहताना काही छायाचित्रे अर्ध्यापर्यंत व्यवस्थित आणि त्याखाली राखाडी पट्टा, अशी उघडू लागली. त्यांतली काही माझ्या आजीची होती आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. तेव्हापासून मेमरीचे सेटिंग बदलले, की चाचणी पूर्ण होईपर्यंत कामाची डिस्क मी केबल काढून वेगळीच ठेवतो. आपणही चाचण्यांच्या काळात तसे करावे.

मूळ आणि प्रत यांची तुलना करण्यासाठी दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काढा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये त्याची आज्ञा आधीपासूनच असते. हॅश काढताना मात्र रॅम २१३३ वरच असू द्या, नाहीतर तपासणारे यंत्रच चुकीचे उत्तर देईल.

आणखी एक गोष्ट. सेटिंग बदलल्यावर पडदा काही वेळ काळा राहिला, तर घाबरून लगेच वीज बंद करू नका. मदरबोर्ड त्या वेळी मेमरीशी जुळवून घेण्याचे, ज्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात ते काम करत असतो आणि त्यासाठी तो स्वतःच काही वेळा बंद-चालू होतो. पाच-दहा मिनिटांनीही काही दिसले नाही, तर वीजपुरवठा पूर्ण तोडून, मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना काही सेकंद जोडून सीएमओएस (बायॉसचे सेटिंग जिथे साठते तो भाग) पुसावा. तशा पिना सापडल्या नाहीत, तर नाण्यासारखा गोल सेल काही मिनिटे काढून ठेवला तरी चालते. संगणक मूळ सेटिंगवर परत येतो.

प्रश्नकर्तीची पुढची नोंद

दोघांचेही मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमाने चार दिवस चाचण्या केल्या. चारही स्टिक्स २१३३ वर असताना मेमटेस्टच्या चार पूर्ण फेऱ्यांत एकही चूक आली नाही. फक्त जुनी जोडी ३६०० वर रात्रभर चालली, शून्य चुका. फक्त नवी जोडी त्याच स्लॉटमध्ये ३६०० वर रात्रभर चालली, तिथेही शून्य चुका. हे पाहून मी अधिकच गोंधळले, कारण दोन्ही जोड्या चांगल्या आहेत असा त्याचा अर्थ होतो. त्यानंतर चारही लावून पूर्वीसारखे ३२०० केले, तर अकराव्या मिनिटाला लाल ओळी दिसू लागल्या आणि मी चाचणी थांबवली.

झेनटायमिंग्जची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एफसीएलके आणि एमसीएलके सर्वत्र सारखेच आहेत. मुख्य टायमिंगही सगळीकडे १८-२२-२२-४२ आहे. ठळक फरक एकाच रकान्यात दिसला. टीआरएफसी हा आकडा जुनी जोडी एकटी असताना ३६०० वर ६३० होता, नवी एकटी असताना ९९० होता, आणि चारही एकत्र ३२०० वर असताना ५६० आहे. याला काही अर्थ आहे का?

तिसरा प्रतिसाद

याला अर्थ आहे, आणि माझ्या मते आपल्या अडचणीचे कारण याच रकान्यात आहे.

डीरॅममधली माहिती अतिशय लहान कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार झिरपत असल्यामुळे ठरावीक अंतराने तो पुन्हा भरावा लागतो. या कामाला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर४ मध्ये कंट्रोलर सर्वसाधारण तापमानात सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेशचा आदेश देतो, आणि तो दिल्यावर चिपला काम संपवायला जो वेळ द्यावा लागतो तो टीआरएफसी. त्या वेळात चिपला दुसरे काही मागायचे नसते. वेळ संपण्याआधीच कंट्रोलरने पुढचा आदेश पाठवला, तर मिळणाऱ्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

हा वेळ चिपच्या क्षमतेवर अवलंबून असतो. प्रमाणानुसार ८ गिगाबिटच्या चिपला ३५० नॅनोसेकंद आणि १६ गिगाबिटच्या चिपला ५५० नॅनोसेकंद लागतात. आता आपले आकडे पाहा. ३६०० वर क्लॉक १८०० मेगाहर्ट्झ असतो, म्हणजे एका नॅनोसेकंदात १.८ फेरे. ६३० ला १.८ ने भागले की नेमके ३५० येतात आणि ९९० ला भागले की नेमके ५५०. म्हणजे आपल्या जुन्या स्टिक्सवर ८ गिगाबिटच्या आठ चिपा आहेत आणि नव्यांवर १६ गिगाबिटच्या चार. क्षमता दोन्हीकडे ८ जीबीच, मॉडेल क्रमांकही तोच, पण आतला माल वेगळा. उत्पादक मधल्या काळात चिपा बदलतात आणि खोक्यावरचा क्रमांक तसाच राहतो, हे या क्षेत्रात नेहमी घडते. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या जोड्या एकत्र लावू नयेत, असे सांगतात ते यामुळेच.

चारही एकत्र असताना ३२०० वर ५६० हा आकडा, म्हणजे १.६ ने भागून पुन्हा ३५० नॅनोसेकंदच. बायॉसने जुन्या जोडीच्या प्रोफाइलमधली वेळ उचलली आणि ती सगळ्यांना लावली. जुन्या स्टिक्सना ती पुरते. नव्या स्टिक्सना ५५० हवे असताना २०० नॅनोसेकंद कमी मिळतात, आणि तरीही विंडोज सुरू होते, कारण रिफ्रेशनंतर लगेचच त्याच स्टिककडून काही मागितले गेले, तरच चूक घडते. बायॉसने अशा वेळी दोहोंतला मोठा आकडा घ्यायला हवा होता. आपल्या बायॉसची नवी आवृत्ती आली असेल तर ती अवश्य घाला, परंतु आज तिच्यावर अवलंबून राहण्याचे कारण नाही.

उपाय सोपा आहे. ३२०० वर टीआरएफसी हाताने ८८० करा, म्हणजे ५५० नॅनोसेकंद पूर्ण मिळतील. त्याची किंमत फारशी नाही. ७.८ मायक्रोसेकंदांतले ३५० नॅनोसेकंद म्हणजे साडेचार टक्के, आणि ५५० म्हणजे सात टक्के वेळ रिफ्रेशमध्ये जाईल, इतकाच फरक. मेमरीचे व्होल्टेज १.३५ च राहू द्या. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचे) बायॉसवर न सोडता १.१० वर बांधून ठेवा. चार स्टिक्सचा भार उचलताना कंट्रोलरला त्याचा उपयोग होतो, आणि बायॉस आपल्या मनाने ते नको तितके वर नेत नाही. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक समजू नका. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर, मेमरी प्रोफाइल चालू करताच एसओसी व्होल्टेज फार वर गेल्यामुळे जळाले होते, आणि त्यानंतर एएमडीने त्या मालिकेसाठी १.३० व्होल्टची कमाल मर्यादा घातली. आपला प्रोसेसर त्या पिढीतला नाही, पण सवय तीच ठेवावी.

मुख्य टायमिंगही आता ३२०० ला साजेसे करता येईल. १८ फेरे ३६०० वर १० नॅनोसेकंद घेतात, तर ३२०० वर १६ फेरेच १० नॅनोसेकंद घेतात. त्याच हिशेबाने १६-२०-२०-३८ ठेवा. स्टिक्सवर अधिक ताण न येता प्रतिसादाचा वेळ जवळजवळ खोक्यावरच्या वेगाइतकाच मिळेल. २१३३ वर सीएल (टायमिंगमधला पहिला आकडा) १५ असताना हाच वेळ १४ नॅनोसेकंद होता, म्हणून खरी मोठी उडी २१३३ वरून ३२०० ला येण्यातच आहे. ३६०० वर दोन्ही चॅनेल मिळून सेकंदाला ५७.६ जीबीची कमाल क्षमता आणि ३२०० वर ५१.२ जीबीची, एवढा फरक उरतो. एफसीएलके १८०० चा लाभही थोडा आहे. मी तरी त्यासाठी चार मिश्र स्टिक्सना छळणार नाही.

चौथा प्रतिसाद

निदान पटले, पण उपायाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ज्या संगणकावर उपजीविकेचे काम होते, त्यात मिश्र जोड्या ठेवूच नयेत. दोन्ही विकून १६ जीबीच्या दोन स्टिक्सची एकच जोडी घ्यावी. मेमरी कंट्रोलरवरचा भार हलका होतो, दोन स्लॉट रिकामे राहतात आणि ३६०० बहुधा सहज मिळते. हे लगेच शक्य नसेल, तर ८८० चा उपाय करावा, परंतु मेमटेस्टनंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ सुद्धा चालवावे, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तापल्यावर संगणकाच्या पेटीच्या आत जी उष्णता साचते, तिच्यात रॅम कशी वागते हे पेनड्राइव्हवरच्या चाचणीत दिसत नाही.

प्रश्नकर्तीची अखेरची नोंद

सर्वांना मनापासून धन्यवाद. बायॉसची नवी आवृत्ती आलेली नव्हती, म्हणून हातानेच ३२००, १६-२०-२०-३८, टीआरएफसी ८८०, मेमरी १.३५ आणि एसओसी १.१० असे सेटिंग केले. चारही स्टिक्ससह मेमटेस्टच्या चार फेऱ्या निर्दोष झाल्या. त्यानंतर ग्राफिक्स कार्डवर भार ठेवून टेस्टमेम५ दोन तास चालवले, तिथेही चूक आली नाही. ती ४० जीबीची झिप लागोपाठ पाच वेळा उलगडली आणि एकदाही अडली नाही.

उत्सुकतेपोटी ३६०० वर टीआरएफसी ९९० करूनही पाहिले. या वेळी संगणक पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला, परंतु मेमटेस्टमध्ये सुमारे दोन तासांनी एक चूक आली. ती एकच असली तरी मी ३२०० वर परतले. १६ जीबीच्या दोन स्टिक्सचा सल्ला पटला आहे आणि पुढच्या खरेदीच्या वेळी तेच करणार आहे.

दुसऱ्या प्रतिसादात सुचवल्याप्रमाणे त्या दोन दिवसांत कॅमेऱ्याच्या कार्डावरून कॉपी केलेल्या ६१ व्हिडिओ फाइलींचे हॅश २१३३ वर काढून मूळ फाइलींशी ताडून पाहिले. ५९ जुळले, दोन जुळले नाहीत. त्या दोन्ही फाइली सुरू होत होत्या आणि वरवर पाहता त्यांत काहीच वावगे दिसत नव्हते. कार्ड अजून पुसलेले नव्हते, त्यामुळे दोन्ही पुन्हा कॉपी करून घेतल्या.